जीर्णाचा उद्धार आणि मोटारीचा बाजार

आमचा एक माजी विद्यार्थी गेली कित्येक वर्षे अमेरिकेत नोकरीस आहे. त्याचे थोरले बंधू व वहिनीही तिकडे जवळच्याच गावी असतात. दोन्ही बिऱ्हाडे निराळी, परंतु मोठा खर्च अजून एका विचाराने होतो, ही त्या घराची आम्हांस फार आवडणारी गोष्ट आहे. या विद्यार्थ्याने गेल्या महिन्यात एका मोटारीच्या विक्रीची जाहिरात आम्हांकडे पाठविली. फोर्ड कंपनीची १९६५ सालची ‘मस्टँग’, घडी घालता येणाऱ्या टपाची, रंगाने लालभडक. आणि तिची विशेषणे तीन: ‘व्हिंटेज’, ‘फ्रेम-ऑफ रिस्टोअर केलेली’ आणि ‘नंबर्स मॅचिंग’. सोबत त्याने लिहिले होते, “गुरुजी, मोटारीतले तुम्हांला काय कळते असे मी विचारीत नाही. परंतु मोठ्या शब्दाला भुलण्यापूर्वी त्याचा विग्रह करून पाहावा, हे तुम्हीच शिकविलेत. दादा व मी मिळून पैसे घालणार आहो. वहिनी म्हणते, आधी गुरुजींकडून जाहिरात वाचून घ्या.”

वहिनीबाईंच्या या सल्ल्याचे आम्हांस कौतुक वाटले. मोटार चालविणे आम्हांस येत नाही आणि आता या वयात ते शिकण्याची हौसही नाही. पण वाचणे येते. तेव्हा या विषयावर मिळेल ते वाचले, दोन जाणत्या मिस्त्रींना विचारले, आणि त्यातून जे हाती लागले ते या महिन्याच्या सदरात वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम ‘व्हिंटेज’ हा शब्द घेऊ. तो मूळचा द्राक्षांच्या मळ्यातला. द्राक्षे खुडण्याचा हंगाम, आणि त्यावरून अमुक हंगामाचे मद्य, असा त्याचा अर्थ. आमच्या नाशिककडील वाचकांस तो समजावून सांगण्याची गरज नाही. इंग्लंडातील जुन्या मोटारींचे अभ्यासक हा शब्द १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांसच लावतात. आणि अमेरिकेत ‘क्लासिक’ शब्दाची सोवळी राखणारी एक जुनी संस्था आहे, ती १९१५ ते १९४८ यापुढे एक पाऊल टाकावयास तयार नाही. या दोन्ही पंक्तींत १९६५ सालच्या मस्टँगला पान मिळत नाही. मात्र भारत सरकारच्या नियमात पन्नास वर्षे उलटलेले वाहन ‘व्हिंटेज’ ठरते. तेव्हा हे विशेषण खोटे नाही, सैल आहे, इतकेच म्हणू आणि पुढे जाऊ.

ही गाडी दुर्मिळ आहे असाही जाहिरातीचा सूर होता. मस्टँग प्रथम लोकांपुढे आली ती १७ एप्रिल १९६४ रोजी, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात. पहिल्याच दिवशी बावीस हजार मागण्या नोंदल्या गेल्या. १९६५ या नावाने जे पहिले वर्ष मोजले जाते, त्यात सहा लाख ऐंशी हजारांहून अधिक गाड्या निघाल्या आणि त्यांपैकी १,०१,९४५ घडीच्या टपाच्या होत्या. मूळ किंमत २,६१४ डॉलर. म्हणजे ही गाडी राजेरजवाड्यांसाठी नव्हे, तर पगारदार तरुणांसाठी काढलेली होती, आणि ती लाखाने निघाली. तिच्यावर लोकांचा जीव जडला, तिला आज मोल आले, हे खरे. पण मोल येणे निराळे आणि दुर्मिळ असणे निराळे. कोणी ‘ही एकच उरली आहे’ अशी घाई करू लागला तर खरेदीदाराने निर्धास्तपणे चहा मागवावा. दुसरी मिळते.

आता मुख्य शब्द. ‘रिस्टोअर करणे’ यास आपल्याकडे जीर्णोद्धार हा उत्तम प्रतिशब्द आहे. जीर्णस्य उद्धारः, षष्ठी तत्पुरुष. येथे षष्ठीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. उद्धार जीर्णाचा व्हावयाचा आहे. तेव्हा उद्धारानंतरही ते जीर्ण काही अंशाने शिल्लक असले पाहिजे. जुने देऊळ पाडून त्या जागी सिमेंटचे नवे उभारले, तर तेथे देव असेल, भक्त असतील, पण त्यास जीर्णोद्धार म्हणणे व्याकरणास धरून होणार नाही. आमच्या नैयायिकांनी तर याहून कठोर निवाडा दिला आहे. वस्त्रातून काही तंतू काढले की पूर्वीचे वस्त्र नष्ट झाले आणि नवा ‘खंडपट’ उत्पन्न झाला, असे ते म्हणतात. मोटारीच्या बाजारात इतके कडक राहिले तर टायर बदलताच गाडी निराळी ठरेल! परंतु त्यांचा प्रश्न येथे अगदी व्यवहाराचा होऊन बसतो, कारण मस्टँगचे बहुतेक भाग आज नवे मिळतात. पत्रे मिळतात, बैठका मिळतात, टप मिळतो. इतकेच नव्हे, तर २०११ सालापासून फोर्डच्या परवान्याने १९६५ च्या घडीच्या टपाच्या मस्टँगचा संपूर्ण सांगाडा नवाकोरा तयार होऊन विक्रीस आला. त्यावर जुने इंजिन, जुनी दोन दारे आणि जुना कागद बसविला, तर ती गाडी १९६५ ची की आताची?

‘फ्रेम-ऑफ’ या विशेषणाने तर आम्हांस गंमत वाटली. जुन्या अमेरिकन गाड्यांना खाली लोखंडी चौकट असे आणि तिच्यावर वरचा देह बोल्टांनी बसविलेला असे. तो देह उचलून बाजूला ठेवावा, चौकट साफ करावी, दोन्हींची डागडुजी करून पुन्हा जोडावी, या कामाला फ्रेम-ऑफ म्हणतात. परंतु मस्टँगला निराळी चौकट नाहीच. तिचा तळ, बाजू आणि चौकट हे सारे एकत्र सांधून केलेले एकच अंग आहे. जे नाही ते उचलून बाजूला कसे ठेवणार? अशा गाडीचे खोल काम करावयाचे तर सांगाडा एका आडव्या दांड्यावर चढवून, भट्टीवर मांस भाजण्याच्या सळईसारखा फिरवीत करतात. आणि त्याला तिकडे नावही त्या सळईचेच आहे. (शाकाहारी वाचकांनी उपमेबद्दल क्षमा करावी, ती आमची नव्हे.) तेव्हा मस्टँगच्या जाहिरातीत ‘फ्रेम-ऑफ’ आले, म्हणजे लिहिणाराने एक तर गाडी खालून पाहिलेली नाही, किंवा वाचणारा पाहणार नाही अशी त्याची खात्री आहे.

तिसरे विशेषण ‘नंबर्स मॅचिंग’. याचा अर्थ इंजिन, गिअरपेटी व सांगाडा यांवरील क्रमांक परस्परांशी जुळतात, म्हणजे हे सर्व भाग कारखान्यातून एकत्र निघाले. काही गाड्यांच्या बाबतीत हे पडताळता येते आणि त्यावर किमतीत मोठा फरक पडतो. परंतु १९६५ च्या सामान्य मस्टँगच्या इंजिनावर गाडीचा क्रमांक कोरलेलाच नसे. तो कोरीत ते फक्त ‘के’ अक्षराच्या, २७१ अश्वशक्तीच्या खास इंजिनावर. आमच्या विद्यार्थ्याने पाठविलेल्या जाहिरातीतील गाडीच्या क्रमांकात अक्षर होते ‘सी’, म्हणजे साधे आठ सिलिंडरांचे इंजिन. ज्यावर क्रमांक नाही त्याचा क्रमांक जुळला कसा? इंजिनाच्या ओतकामावरील तारीख गाडीच्या तारखेच्या थोडी आधीची आहे, एवढेच फार तर दाखविता येते. आणि प्रामाणिक विक्रेता तेवढेच सांगतो.

हा क्रमांक वाचावयाचा कसा, ते येथे सांगून टाकणे बरे. पहिला आकडा ५ म्हणजे १९६५. पुढचे अक्षर कारखान्याचे: एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे, टी म्हणजे मेटचेन. नंतरचे दोन आकडे देहाचे: ०७ असेल तर कायम छताची गाडी, ०९ असेल तर मागे उतरत्या छताची, आणि ०८ असेल तरच घडीच्या टपाची. पुढे इंजिनाचे अक्षर आणि शेवटी अनुक्रम. दारावरही माहितीची एक पत्री असते, पण तिच्यावर फारसे विसंबू नये. दार बदलता येते, आणि तसली पत्री मागणीप्रमाणे नवी करून मिळते. खरा क्रमांक इंजिनाच्या कप्प्यात, डाव्या बाजूच्या आतल्या पत्र्यात ठोकलेला असतो. याशिवाय बाहेरचा पत्रा उतरविल्यावरच दिसेल अशा जागीही कारखान्याने तो ठोकून ठेवला आहे. छत कापून ०७ ची ०८ करणारे कारागीर जगात आहेत. पण ठोकलेला आकडा त्यांना लपविता येत नाही.

घडीच्या टपाच्या गाडीत ही चौकशी विशेष अगत्याची का, तेही पाहा. मोटारीचे छत केवळ ऊनपावसासाठी नसते. पेटीचे झाकण खिळ्यांनी ठोकले की पेटी मुरगळत नाही, तसे ते देहाला ताठ ठेवते. छत काढले की ती ताकद खालून भरून काढावी लागते. म्हणून कारखान्याने या गाडीच्या दारांखालच्या पट्ट्यांत आतून जादा पोलाद घातले आणि तळालाही जोड दिला. आणि गंज धरतो तो नेमका येथेच. समोरच्या काचेखाली हवा आत घेण्याची जाळी असते, तीतून पावसाचे पाणी उतरते. निचरा तुंबला की आतला पत्रा खाऊन पाणी पायांवर ठिबकू लागते, आणि तेथून तळात मुरते. वरून पुट्टी भरून, घासून, रंगाचे चार हात दिले की आरसा चमकावा तशी गाडी दिसते. आत मात्र पोलाद कागदासारखे झालेले असते.

यावर आमच्या मिस्त्रींनी सांगितलेल्या परीक्षा इतक्या सोप्या आहेत की वहिनीबाईंनाही त्या करता येतील. पदरात एक लहान लोहचुंबक न्यावा. जेथे तो पत्र्याला चिकटत नाही तेथे पत्रा नसून पुट्टी आहे. काचेखालच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतावे, पण त्याआधी आत पाय ठेवण्याच्या जागी कोरडे वर्तमानपत्र पसरावे. ते भिजले तर बाकीचे पाहण्याची आवश्यकता नाही. टप मिटून, दार लावून, दार व मागचा पत्रा यांमधील फट न्याहाळावी. ती वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडीचा मध्य खचला आहे असे समजावे.

येथवर वाचून कोणास वाटेल की आम्ही दुरुस्तीच्याच विरुद्ध आहो. तसे नाही. या गाडीचे ब्रेक पाहा. १९६५ च्या मस्टँगमध्ये चारही चाकांच्या ब्रेकांना तेल पुरविणारी नळकांडी एकच होती. कोठे एक नळी फुटली की सर्व ब्रेक एकदम निकामी. १९६७ पासून तीत दोन स्वतंत्र भाग आले. आज कोणी जुन्या गाडीत ही दुहेरी नळकांडी बसविली तर मूळपणाचे सोवळे मोडले म्हणून आम्ही नाक मुरडणार नाही. ज्या गाडीत दोन भावांची मुले बसावयाची आहेत, तिचे ब्रेक १९६५ चे असण्यात कसला अभिमान? आमची तक्रार नव्या भागांबद्दल नसून, त्यांबद्दलच्या मौनाबद्दल आहे.

आणि मौन नसले, हेतू शुद्ध असला, तरीही उद्धार करणाराच्या हातून केवढा अनर्थ होऊ शकतो, याचे एक उदाहरण अमेरिकेतच घडले आहे. ते आम्ही सविस्तर देतो, कारण यात फसविणारा कोणी नव्हता.

कॅन्सस राज्यातील एका गृहस्थाने २०१६ साली शेजारच्या नव्हे, तर दूरच्या इंडियाना राज्यातील विक्रेत्याकडून १९५९ ची शेव्हरोले ‘कॉर्व्हेट’ घेतली. हीही उघडी, घडीच्या टपाची. देह फायबरग्लासचा आणि खाली खरी पोलादी चौकट. त्या वर्षी अशा गाड्या ९,६७० च निघाल्या. ही गाडी उत्तम रीतीने नवी केलेली होती, आणि तिच्यासाठी त्यांनी पन्नास हजार डॉलर मोजले. घरी आणून सरकारी नोंदणीसाठी तपासणीस नेली. तपासणाऱ्या पोलिसांच्या ध्यानी आले की क्रमांकाची छोटी पट्टी एकदा काढून पुन्हा बसविलेली आहे. झाले होते ते इतकेच की, जीर्णोद्धाराच्या वेळी रंगकामासाठी ती पट्टी काढली गेली आणि काम झाल्यावर परत लावली गेली. परंतु त्या राज्याचा त्या वेळचा कायदा असा की, क्रमांकाच्या पट्टीस हात लागलेले वाहन निषिद्ध वस्तू समजावे, जप्त करावे व नष्ट करावे. चोरीच्या गाड्यांसाठी केलेला हा कायदा. त्यात ‘कोणी, कशासाठी काढली’ हा प्रश्नच नव्हता. घेणारा निर्दोष आहे हे सर्वांस मान्य होते. तरी २०१७ साली गाडी जप्त झाली आणि वर्षानुवर्षे जप्तीतच राहिली. मालक न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिला. शेवटी २०२२ साली कॅन्ससच्या विधिमंडळाने कायदाच सुधारला, जुन्या गाडीच्या दुरुस्तीसाठी पट्टी काढून पुन्हा लावणे हा अपराध नव्हे असे ठरविले, आणि त्यानंतर ती गाडी मालकास परत मिळाली.

या हकीकतीतील कारागिराचा विचार आमच्या मनातून जात नाही. त्याने गाडी सुंदर केली. पट्टीखालचा रंगही कोपऱ्याकोपऱ्यात नीट बसावा म्हणून ती काढण्याइतका तो मन लावून काम करणारा होता. आणि त्या नीटनेटकेपणानेच गाडीचा साक्षीदार बाद झाला. पोथीच्या जीर्ण पानांना नवा कागद लावताना शेवटची पुष्पिका, म्हणजे लेखकाचे नाव, शक आणि गाव ज्या ओळीत असते ती, झाकून टाकणारे हात आम्ही पाहिले आहेत. पोथी शाबूत दिसते. पण ती कोणाची व केव्हाची हे सांगावयास मग कोणी उरत नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न अगदीच परका नाही. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईस शिवडी येथे गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता आणि तो १९५४ पर्यंत चालला. त्यामुळे अमेरिकन नावाची एखादी जुनी मोटार आपल्या ओळखीतल्या कोणाच्या वाड्यात ताडपत्रीखाली असणे अशक्य नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने अशा वाहनांसाठी नियम केले. प्रथम नोंदणीस पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेले खाजगी वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. त्याच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. आणि ते रोजच्या वापरास वा धंद्यास रस्त्यावर आणता येत नाही. परंतु नियमातील खरी अट निराळीच आहे. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे, त्याच्या चॅसीसमध्ये, सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा. म्हणजे हौसेने ‘नवीकोरी’ केलेली गाडी सरकारच्या दृष्टीने ‘जुनी’ न ठरण्याचा संभव आहे. आजोबांची गाडी चमकविण्यापूर्वी नातवांनी ही अट एकदा वाचावी.

विद्यार्थ्यास आम्ही लिहिले ते असे. गाडी सुंदर आहे, यात वाद नाही. पण विक्रेत्याकडे काम चालू असतानाची छायाचित्रे माग, विशेषतः रंग काढल्यावरची उघड्या पत्र्याची. कोणकोणते भाग नवे घातले त्यांच्या पावत्या माग. क्रमांक पत्र्यात ठोकलेला पाहा, आणि पट्टी वा पत्रा केव्हा काढला होता काय ते स्पष्ट विचारून लेखी घे. गाडी खालून दाखविण्यास तुझा स्वतःचा मिस्त्री ने, त्याने सुचविलेला नव्हे. ज्याने खरेच निष्ठेने काम केले असेल तो या प्रश्नांनी रागावणार नाही. उलट, घटकाभर अधिक बोलेल. चांगल्या कारागिराला आपल्या कामाचा पाढा ऐकणारा भेटला की आनंद होतो.

मस्टँगविषयी वाचताना एका शिक्षिकेची हकीकत हाती आली, ती येथेच देतो. आमच्या व्यवसायाची म्हणून ती आम्हांस अधिक गोड वाटली असेल. शिकागोची ही मुलगी बावीस वर्षांची. नुकतीच शाळेत नोकरीस लागलेली, आणि शाळेस जाण्यासाठी गाडी हवी म्हणून आईवडिलांकडून पैसे उसने घेऊन ती दुकानात गेली. तिला टप मिटणारीच गाडी हवी होती, आणि मांडलेल्यांत ती नव्हती. तेव्हा दुकानदाराने तिला मागच्या खोलीत नेऊन आच्छादनाखालची एक निळी मस्टँग दाखविली. जाहीर व्हावयास दोन दिवस अवकाश होता. तिने ती तेथेच घेतली, सुमारे साडेतीन हजार डॉलरांस. तारीख होती १५ एप्रिल १९६४. पुढे लग्न झाले, मुले झाली, गाडी जुनी होऊन बंद पडली. पतिराज म्हणाले, पुढच्या आठवड्यात दुरुस्त करतो. तो आठवडा सुमारे सत्तावीस वर्षांनी उजाडला! सेवानिवृत्तीनंतर ते कामाला लागले आणि गाडी पुन्हा निळी होऊन रस्त्यावर आली. दरम्यान कोणा दुसऱ्याने ‘अमेरिकेत विकली गेलेली पहिली मस्टँग माझी, १६ एप्रिलची’ असे जाहीर केलेले त्यांच्या वाचनात आले. नवऱ्याने घरातील कागद काढून पाहिले. बाईंनी १९६४ ची खरेदीची पावती जपून ठेवली होती, आणि तिच्यावर तारीख एक दिवस आधीची होती.